जखमी मेंदू आणि त्याचे अन्न

म्हैसूरचा दसरा ज्यांनी पाहिला आहे त्यांना बन्नीमंटप हे नाव नवे नाही. विजयादशमीला राजवाड्यातून निघालेली हत्तींची मिरवणूक सुमारे पाच किलोमीटरची वाट चालून याच ठिकाणी येते. कन्नड भाषेत शमीला बन्नी म्हणतात आणि त्या दिवशी तिची पूजा होते. महाराष्ट्रातही सीमोल्लंघन आणि शमीपूजन यांची जोडी जुनीच आहे. अज्ञातवासात जाण्यापूर्वी पांडवांनी आपली शस्त्रे शमीच्या झाडावर बांधून ठेवली आणि वर्ष सरल्यावर ती परत घेतली, ही कथा दोन्ही प्रांतांत सारख्याच आवडीने सांगितली जाते.

मेंदूला दुखापत झालेला माणूसही एका परीने अज्ञातवासातच जातो. त्याची वाचा, त्याची स्मृती, हातापायांवरील त्याची हुकमत यांपैकी कधी काही, तर कधी सर्वच, त्याच्यापासून दूर होतात. त्या शक्ती कितपत परत येतील हे प्रामुख्याने आघात केवढा होता यावर ठरते. परंतु पांडवांच्या शस्त्रांप्रमाणे त्या कोठे सुरक्षित बांधून ठेवलेल्या नसतात. त्या काळात शरीराची उपासमार झाली तर जे परत मिळू शकले असते तेही हातचे जाते. आजच्या व्याख्यानाचा विषय हाच आहे: मेंदूच्या दुखापतीतून सावरताना अन्नाचे काम कोणते, आणि जे अन्नाचे काम नाही ते कोणते.

विषय कोणाही घरापासून फार दूरचा नाही. दसऱ्याच्या रात्री याच बन्नीमंटपाच्या मैदानावर मशालींच्या उजेडात संचलन होते आणि त्यात जवान मोटारसायकलींवर कसरती करून दाखवितात. तेच वाहन रोजच्या रस्त्यावर मेंदूच्या दुखापतीचे एक मोठे कारण ठरले आहे. भारत सरकारच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ या एका वर्षात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा दुचाकीवरून जाणाऱ्यांचा होता. जे वाचतात त्यांची खरी कसोटी रुग्णालयातून घरी आल्यावर सुरू होते. त्या वेळी घरातील माणसे वैद्याला पहिला प्रश्न विचारतात तो हा, की याला आता खायला काय द्यावयाचे?

आघातानंतर शरीरात काय घडते

प्रौढ माणसाचा मेंदू वजनाने सुमारे १.४ किलोग्रॅम, म्हणजे शरीराच्या साधारण दोन टक्के असतो. परंतु विश्रांतीच्या स्थितीत शरीर जेवढा प्राणवायू वापरते त्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा एकटा मेंदू घेतो. शिवाय यकृताजवळ किंवा स्नायूंजवळ असतो तसा इंधनाचा साठा मेंदूजवळ जवळजवळ नसतोच. रक्तातून जे मिळेल त्यावर त्याचा क्षणाक्षणाचा निर्वाह चालतो.

डोक्यावर आघात झाला म्हणजे दुखापत एका क्षणात होऊन संपते असे नव्हे. पहिली इजा आघाताच्या क्षणी होते. त्यानंतर काही तास, काही दिवस मेंदूत सूज येते, पेशींमधील क्षारांचा समतोल बिघडतो, हानिकारक रसायने निर्माण होतात आणि आसपासच्या निरोगी पेशीही धोक्यात येतात. या दुसऱ्या इजेला आळा घालणे हे उपचाराचे मोठे उद्दिष्ट असते.

त्याच वेळी सर्व शरीर जणू युद्धपातळीवर काम करू लागते. ताणाची संप्रेरके वाढतात, हृदयाची गती वाढते, बहुधा तापही असतो. अशा रुग्णाला खाटेवर निश्चल पडलेले पाहून घरच्यांना वाटते की याला अन्नाची गरज ती किती असणार! वस्तुस्थिती उलट आहे. गंभीर आघातानंतर विश्रांतीच्या स्थितीतही शरीराचा ऊर्जेचा खर्च निरोगी माणसाच्या दीडपटीच्या आसपास जाऊ शकतो. औषधांनी स्नायू पूर्ण शिथिल केले असतील तर तो बराच खाली येतो. हा वाढलेला खर्च भागविण्यासाठी शरीर आपलेच स्नायू मोडून त्यांतील प्रथिने वापरू लागते. मांड्या आणि दंड काही आठवड्यांत वाळून जातात ते यामुळेच. श्वासाचे स्नायूही यातून सुटत नाहीत, आणि रोगजंतूंना तोंड देण्याची शक्तीही घटते.

येथे एका सार्वत्रिक गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. रुग्णाला सलाईन लावलेले आहे, म्हणजे त्याच्या पोटाची सोय झाली, अशी समजूत शहरात आणि खेड्यात सारखीच आढळते. साध्या सलाईनमध्ये पाणी आणि मीठ असते. त्यातून ऊर्जा मुळीच मिळत नाही. पाच टक्के ग्लुकोजच्या एक लिटर बाटलीत ५० ग्रॅम ग्लुकोज असते. त्यातून १७० ते २०० उष्मांक, म्हणजे रूढ शब्दात कॅलरी, मिळतात. एवढी ऊर्जा साधारण एका मध्यम भाकरीत असते. शिवाय अशा पातळ द्रवाने मेंदूची सूज वाढू शकते आणि रक्तातील साखर वाढणेही जखमी मेंदूला अपायकारक असते, म्हणून सुरुवातीच्या दिवसांत ग्लुकोजची बाटली बहुधा टाळलीच जाते. सलाईन हे पाणी आणि क्षार देण्याचे साधन होय. त्याला जेवण समजणे ही चूक आहे.

उपासमारीचा हिशेब

अन्नाला उपचाराचा दर्जा मिळावयास बराच काळ जावा लागला. पूर्वी डोक्याला मार लागलेल्या रुग्णाचे पोट अन्न स्वीकारीत नसेल तर वाट पाहण्याची पद्धत होती. आघातानंतर जठर मंदावते, नळीतून घातलेले अन्न तसेच साचून राहते आणि उलटीचा धोका असतो. त्यामुळे आठवडा, दीड आठवडा रुग्णाला नाममात्र अन्नावर ठेवणे कोणाला गैर वाटत नसे.

१९८३ मध्ये अमेरिकेतील केंटकी येथील शल्यवैद्यांनी एक लहानसा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी डोक्याला गंभीर इजा झालेल्या ३८ रुग्णांचे दोन गट केले होते. अठरा जणांना रूढ पद्धतीने, पोट स्वीकारील तसतसे, नळीतून अन्न दिले. वीस जणांना प्रथमपासून रक्तवाहिनीतून संपूर्ण पोषण दिले. पहिल्या गटाच्या शरीरात दिवसाला सरासरी ६८५ उष्मांक गेले आणि दुसऱ्या गटाच्या शरीरात १,७५०. अठरा दिवसांच्या आत पहिल्या गटातील आठ रुग्ण दगावले, दुसऱ्यातील एकही नाही.

या आकड्यांनी खळबळ उडाली. प्रथम अनेकांना वाटले की रक्तवाहिनीतून अन्न देणे हाच उपाय. पुढील अभ्यासांत तसे दिसले नाही. नळीतून वेळेवर आणि पुरेसे अन्न पोहोचले तर त्याचाही उपयोग तितकाच होतो, आणि आतडे कामात राहिल्याने शरीराला ते अधिक मानवते, असे वैद्यांचे मत बनले. केंटकीत पहिल्या गटाचा घात केला तो अन्नाच्या मार्गाने नव्हे, उपासमारीने.

याला पुष्टी देणारा मोठा हिशेब २००८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातून आला. तेथील २२ रुग्णालयांतील ७९७ गंभीर रुग्णांच्या नोंदी तपासण्यात आल्या. पहिल्या पाच दिवसांत ज्यांना अन्न मिळाले नाही त्यांच्या मृत्यूचा संभव दुपटीने वाढलेला दिसला. सात दिवस ज्यांना मिळाले नाही त्यांच्या बाबतीत तो चौपट होता. नोंदींवरून केलेल्या अशा अभ्यासाला मर्यादा असतात, कारण ज्याची प्रकृती अधिक नाजूक त्याला अन्न देणेही अधिक कठीण. तरीही दिशा स्पष्ट होती. २०१६ मध्ये मेंदूच्या आघाताच्या उपचारासंबंधी जी मार्गदर्शक तत्त्वे अमेरिकेत प्रसिद्ध झाली त्यांत म्हटले आहे की रुग्णाची मूलभूत ऊर्जेची गरज शक्यतो पाचव्या दिवसापर्यंत, आणि कोणत्याही परिस्थितीत सातव्या दिवसापर्यंत, पूर्णपणे भागविली जावी. त्याआधी २०११ मध्ये तेथील तज्ज्ञांच्या एका समितीने, संरक्षण खात्याच्या सांगण्यावरून, आहार आणि मेंदूचा आघात या विषयावरील सारे संशोधन चाळले होते. गंभीर आघातात पहिल्या चोवीस तासांतच अन्न सुरू करून ऊर्जेच्या एकूण खर्चाचा निम्म्याहून अधिक भाग भरून काढावा, आणि शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे १ ते १.५ ग्रॅम प्रथिने द्यावीत, हे पहिले दोन आठवडे चालू ठेवावे, अशी शिफारस तिने केली.

निरोगी भारतीय प्रौढासाठी दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरेशी मानली जातात. म्हणजे साठ किलो वजनाच्या माणसाला एरवी पन्नास ग्रॅम लागत असतील तर दुखापतीच्या काळात साठ ते नव्वद ग्रॅम लागतात. रुग्ण तोंडाने खाऊ लागला की हा आकडा साध्या घरातही गाठता येतो. अर्धा लिटर दूध, दोन अंडी, मूठदीड मूठ डाळ, पन्नास ग्रॅम शेंगदाण्यांचे कूट आणि दिवसभराची भाकरी किंवा भात मिळून सुमारे अडीचशे ग्रॅम धान्य, एवढ्यातून पंचाहत्तर ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. अंडी न खाणाऱ्यांना त्याऐवजी साठ-सत्तर ग्रॅम पनीर चालेल. ज्यांच्या मूत्रपिंडात दोष असेल त्यांचे प्रमाण मात्र वैद्यानेच ठरवावे.

नळीपासून ताटापर्यंत

म्हैसूर शहराचा अन्नशास्त्राशी जुना संबंध आहे. ऑक्टोबर १९५० मध्ये येथील चेलुवांबा राजवाड्यात केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था सुरू झाली. तिचे पहिले संचालक डॉ. व्ही. सुब्रह्मण्यन यांच्यापुढे देशातील भुकेचा प्रश्न होता. शेंगदाण्याच्या पेंडीचे पीठ तीन भाग आणि हरभऱ्याचे पीठ एक भाग घेऊन, त्यात जीवनसत्त्वे आणि कॅल्शियम घालून, तेथे एक बहुगुणी अन्न तयार करण्यात आले. दूध न परवडणाऱ्यांना प्रथिने कशी पुरवावीत याचे ते उत्तर होते. मेंदूच्या रुग्णांचा विचार त्यामागे नव्हता. परंतु स्वस्त, स्थानिक धान्यातून पुरेपूर पोषण कसे काढावे हा त्या संस्थेचा ध्यास अशा रुग्णाच्या घरालाही उपयोगी पडतो. त्याचे सर्वांत चांगले उदाहरण नाचणीचे आहे.

म्हैसूरकडची रागी म्हणजे कोकणात आणि कोल्हापूरच्या डोंगरपट्ट्यात पिकणारी नाचणीच. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असते. इतर कोणत्याही नेहमीच्या धान्यात एवढे नसते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची हाडे ठिसूळ होत जातात, म्हणून ही गोष्ट महत्त्वाची. पण नाचणीच्या पिठाची पेज शिजविली की ती लगेच दाट होते. पातळ ठेवावी तर तीत पीठ थोडे आणि पाणी फार. पीठ वाढवावे तर पेजेचा गोळा होतो. लहान बाळांना भरविणाऱ्या आयांची हीच अडचण असे.

या संस्थेतील एन. जी. मल्लेशी आणि एच. एस. आर. देसिकाचार यांनी १९८२ मध्ये मोड आणलेली नाचणी आणि मूग यांपासून केलेल्या बालान्नाचे काम प्रसिद्ध केले. धान्याला मोड येताना त्यात पिष्टाचे तुकडे करणारे एक विकर तयार होते. असे धान्य वाळवून, मोड झाडून, हलके भाजून दळले तर त्याची पेज अधिक पीठ घालूनही पातळच राहते. भाजणे फार झाले तर विकर नष्ट होते आणि हा गुण जातो. आपल्याकडे नाचणी भिजवून, मोड आणून सत्त्व करण्याची जी रीत घरोघर होती, तिच्यामागचे एक कारण या संशोधनाने उलगडून दाखविले.

मेंदूच्या रुग्णाच्या बाबतीत या दाट-पातळपणाला जीवनमरणाचा अर्थ येतो. नाकातून जठरात नळी घातलेली असेल तेव्हा अन्न नळीतून सहज वाहणारे, गाळलेले आणि तरीही भरपूर ऊर्जा देणारे हवे. मोडाच्या नाचणीचा हा गुण अशा वेळी उपयोगी ठरू शकतो. मात्र घरी केलेले असे अन्न नळीवाटे द्यावे की नाही, आणि दिल्यास किती, हे रुग्णालयातील आहारतज्ज्ञाने ठरवावयाचे असते. देताना रुग्णाचे डोके आणि छाती उंच ठेवावी, हात आणि भांडी स्वच्छ असावीत, अन्न ताजे असावे आणि उरलेले टाकून द्यावे. आपल्या हवेत सकाळी केलेली पेज दुपारपर्यंत जंतूंचे आगर बनते.

नळी निघून रुग्ण तोंडाने घेऊ लागला की नियम अगदी उलटा होतो. आघाताने गिळण्याच्या स्नायूंचा ताल बिघडलेला असतो. पाणी, चहा, ताक यांसारखे पातळ पदार्थ घशातून वेगाने उतरतात आणि अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत शिरतात. निरोगी माणसाला अशा वेळी ठसका लागतो. मेंदूच्या रुग्णाला कधी कधी तोही लागत नाही. अन्न निमूटपणे फुफ्फुसात जाते आणि चार दिवसांनी न्यूमोनिया होतो. ‘निदान घोटभर पाणी तरी पाजू या’ या मायेपोटी अनर्थ ओढवतो तो असा.

म्हणून पहिला घास देण्यापूर्वी गिळण्याची तपासणी आवश्यक असते. ती वाचातज्ज्ञ करतात, हे अनेकांना विचित्र वाटते. परंतु बोलण्याचे आणि गिळण्याचे बरेचसे स्नायू एकच आहेत. म्हैसूरच्या मानसगंगोत्री परिसरात १९६० च्या दशकात स्थापन झालेली अखिल भारतीय वाक्‌ व श्रवण संस्था या शास्त्राचे देशातील एक प्रमुख केंद्र आहे. अन्नाचा दाटपणा मोजण्यासाठी आता ० ते ७ अशी आठ पायऱ्यांची आंतरराष्ट्रीय श्रेणी वापरली जाते. साध्या पाण्याची पायरी शून्य आणि नेहमीच्या जेवणाची सात. रुग्ण कोणत्या पायरीवर आहे हे तज्ज्ञ सांगतात आणि त्याप्रमाणे घरी अन्न शिजवावयाचे असते. या टप्प्यावर मोडाच्या नाचणीची पातळ पेज धोक्याची ठरू शकते आणि साध्या पिठाची दाट, गुठळी नसलेली खीर बहुधा अधिक सोयीची. एकच धान्य एका टप्प्यावर योग्य आणि दुसऱ्या टप्प्यावर अयोग्य ठरते ते असे.

आणखी एक बारीक गोष्ट. आपल्या लाळेतही पिष्ट फोडणारे विकर असते. रुग्णाच्या तोंडातून काढलेला चमचा पुन्हा पुन्हा वाटीत बुडविला की दाट खीर हळूहळू पातळ होत जाते. म्हणून मोठ्या वाटीतून थोडे थोडे वेगळे काढून घ्यावे आणि भरविण्याचा चमचा मूळ वाटीत घालू नये.

औषध म्हणून सुचविली जाणारी अन्ने

रुग्णाच्या घरी येणारे-जाणारे काही ना काही सुचवीतच असतात. कोणी बदाम सांगतो, कोणी ब्राह्मीचे तूप, कोणी माशाचे तेल, तर कोणी परदेशी भुकटीचा डबा. अक्रोड मेंदूसारखा दिसतो म्हणून तो मेंदूला हितकर, असा युक्तिवादही ऐकू येतो. या सर्वांकडे तुच्छतेने पाहण्याचे कारण नाही. त्यांतील काहींवर गंभीरपणे संशोधन झालेले आहे. परंतु त्या संशोधनातून नेमके काय सिद्ध झाले हे समजून घेतले पाहिजे.

हळदीचेच पाहा. २००६ मध्ये लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी उंदरांना हळदीतील करक्युमिन हा घटक खाऊ घातला. मेंदूला इजा केल्यावर या उंदरांची शिकण्याची क्षमता इतरांपेक्षा चांगली टिकली. मात्र उंदरांना तो आहार इजेच्या आधी चार आठवडे दिलेला होता. अपघात झाल्यावर हळद सुरू केलेल्या माणसाविषयी त्यावरून काहीच अनुमान काढता येत नाही. त्यातून करक्युमिन पोटातून रक्तात फारच थोडे शोषले जाते. मिऱ्यांतील पायपेरीनमुळे हे शोषण अनेक पटींनी वाढते, असे बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखविले. भाजीत हळद आणि मिरी अवश्य घालावी. तिला मेंदूचे औषध मानून चमचे भरभरून देऊ नये.

माशाच्या तेलातील ओमेगा-३ स्निग्धाम्लांची बाब अधिक विचार करण्याजोगी आहे. मेंदूच्या शुष्क भागात निम्म्याहून अधिक स्निग्ध द्रव्ये असतात आणि त्यांत या आम्लांना महत्त्वाचे स्थान आहे. २००६ च्या जानेवारीत अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनियातील एका खाणीत स्फोट झाला. विषारी वायूत सापडलेल्यांपैकी वाचलेल्या एकमेव कामगाराला इतर अनेक उपचारांबरोबर माशाचे तेलही देण्यात आले होते. तो बराच सावरला आणि या तेलाचा बोलबाला झाला. परंतु एकाच रुग्णाला दहा उपचार केल्यावर यश कोणाचे, हे सांगता येत नाही. बांगडा, तारली यांसारखे स्वस्त मासे खाणाऱ्या घरांनी ते जरूर द्यावेत. त्यांतून उत्तम प्रथिनेही मिळतात. जवसाच्या चटणीतूनही या वर्गातील आम्ल मिळते, पण मेंदूला हवे असलेल्या रूपात शरीर त्याचे अल्पसेच रूपांतर करू शकते.

क्रिएटिन हे स्नायूंना ऊर्जा पुरविणारे द्रव्य ग्रीसमधील क्रीट बेटावर डोक्याला मार लागलेल्या ३९ मुलांच्या अभ्यासात सहा महिने वापरण्यात आले. २००६ मध्ये आलेले निष्कर्ष आशादायक होते, पण एवढ्या लहान अभ्यासावर विसंबता येत नाही. जस्ताविषयी १९९६ च्या अभ्यासात रुग्ण होते ६८. तेथेही कौल अनुकूल, पण संख्या अल्प.

लहान अभ्यासातील आशा मोठ्या परीक्षेत किती टिकते याचे उदाहरण सिटिकोलिनचे. अंड्याच्या बलकात मुबलक असलेले कोलिन शरीराला पुरविणारे हे द्रव्य मेंदूच्या दुखापतीवर अनेक देशांत सर्रास दिले जात असे. अमेरिकेत १,२१३ रुग्णांवर त्याची काटेकोर परीक्षा झाली. नव्वद दिवस औषध घेणाऱ्यांत आणि खोटी गोळी घेणाऱ्यांत काहीच फरक आढळला नाही. हा निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. अंडे वाईट ठरले असा याचा अर्थ नाही. रोजच्या आहारातील अंडे चांगलेच आहे. त्याच्यातील एक घटक वेगळा काढून दिल्याने मेंदू लवकर सावरत नाही, एवढेच या परीक्षेने सांगितले.

२०११ च्या समितीनेही ओमेगा-३, कोलिन, क्रिएटिन आणि जस्त यांवर अधिक संशोधन व्हावे असेच सुचविले होते. ताबडतोब अमलात आणावी अशी शिफारस तिने एकच केली, आणि ती वेळेवर पुरेसे अन्न देण्याची होती.

हा भेद घरच्यांच्या खिशाशी निगडित आहे. रुग्णालयाचा खर्च भागविताना दागिने मोडलेले असतात, शेत गहाण पडलेले असते. अशा वेळी महाग डब्यासाठी घरातील दूध आणि अंडी बंद झाली, तर रुग्णाचे त्यात नुकसानच आहे. शिवाय सांद्र स्वरूपातील गोळ्या निरुपद्रवी असतातच असे नाही. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर त्यांतील काहींनी रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. फिट येऊ नये म्हणून दिले जाणारे फेनिटॉइन नळीतील अन्नाबरोबर दिल्यास नीट शोषले जात नाही. म्हणून आहारातील प्रत्येक भर वैद्याच्या कानावर घालावी.

स्वयंपाकघरातील पथ्य

रुग्ण ताटावर बसू लागला म्हणजे काही वेगळ्याच अडचणी पुढे येतात. आघाताने अनेकांची वास घेण्याची शक्ती जाते आणि तिच्याबरोबर चवही जाते. घरच्यांना वाटते तो हट्ट करतो. वास्तविक त्याला अन्न मातीसारखे लागत असते. लिंबू, आले, दही, कुरकुरीत आणि मऊ यांचा मेळ अशा उपायांनी जेवणात थोडी गोडी आणता येते. वास येत नसल्याने नासलेले अन्न किंवा गॅसची गळती त्याला कळत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली असेल तर काही रुग्णांना डाव्या बाजूचे भानच राहत नाही. ते ताटातील उजव्या अर्ध्या भागातील अन्न संपवून थांबतात. भूक संपली असे समजून ताट उचलू नये. ते फक्त फिरवून ठेवावे. मग उरलेले अर्धे जेवणही होते. काहींना जेवल्याचे स्मरण राहत नाही आणि ते पुन्हा मागतात. काहींची भूक-तृप्तीची जाणीवच बिघडते आणि सहा महिन्यांत वजन भलतेच वाढते. अशा वेळी जेवणाच्या वेळा लिहून समोर लावाव्यात, प्रमाण ठरवून द्यावे. जेवणे हेही या रुग्णाला श्रमाचे काम असते. म्हणून तीनदा पोटभर जेवण्याऐवजी पाच-सहा वेळा थोडे थोडे, शांत जागी, रेडिओ आणि गप्पा बंद ठेवून द्यावे. पालेभाज्या, फळे आणि पाणी गिळण्याच्या पायरीप्रमाणे असावे. सकाळचे ऊन अंगावर घ्यावे. दारू मात्र पूर्ण वर्ज्य करावी. आघात झालेल्या मेंदूला ती अधिक बाधते आणि फिट येण्याचा संभव वाढतो.

ही सारी पथ्ये साधी आहेत. त्यांतील एकही वर्तमानपत्राच्या जाहिरातीत दिसणार नाही. त्यांना लागते ते धैर्य आणि माणसाचा वेळ. एक वाटी खीर भरविण्यास पाऊण तास लागतो आणि असे पाच-सहा पाऊण तास रोज, कित्येक महिने, बहुधा घरातील एखाद्या स्त्रीच्या वाट्याला येतात. त्या कामाची गणना कोणत्याही औषधपत्रावर होत नाही. केंटकी आणि न्यूयॉर्क येथील आकडे मात्र सांगतात की या कामाची जागा उपचारांतच आहे.

शमीच्या कथेत एक तपशील आहे, जो सांगताना बहुधा सुटून जातो. अज्ञातवास संपत आला तेव्हा बृहन्नडेच्या वेषातील अर्जुन स्वतः झाडावर चढला नाही. त्याने विराटाच्या मुलाला, उत्तराला, वर चढविले. भीत भीत का होईना, उत्तर चढला, त्याने गाठोडे खाली आणले, आणि मगच गांडीव अर्जुनाच्या हाती आले. अज्ञातवासातून परतणाऱ्याला असा कोणीतरी झाडावर चढणारा लागतो. मेंदूच्या रुग्णाच्या घरी तो वाटी आणि चमचा घेऊन खाटेशी बसलेला असतो.